चकमकीच्या कपचीत स्पिनिफेराइट्स रॅमोसस: प्रकल्प नोंदी

काम काय आहे ते आधी सांगते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समध्ये, जमिनीखाली चॉकचे (पांढऱ्या, मऊ चुनखडीचे) जाड थर आहेत आणि त्यांत चकमकीचे गोटे रुतलेले आहेत. या चकमकीत सुमारे साडेआठ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या डायनोफ्लॅजेलेटांच्या (एकपेशीय, पोहणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) सिस्ट, म्हणजे त्यांची टणक विश्रांतीची कवचं, अडकून राहिल्या आहेत. त्यांतल्या स्पिनिफेराइट्स रॅमोसस या जातीचा एक चांगला नमुना घरच्या मायक्रोस्कोपखाली शोधायचा, त्याची रचना पूर्ण कागदावर उतरवायची, आणि नाव लावण्याआधी त्या नावामागचं एकेक लक्षण प्रत्यक्ष पाहायचं, असं ठरवलं आहे. फोटोशी फोटो जुळवून नाव लावायचं नाही.

प्रयोगशाळेत खडक हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवतात आणि मागे उरलेल्या सिस्ट स्लाइडवर घेतात. ते आम्ल घरात आणण्याचा विचारही करू नये. कातडीतून आत उतरतं, हाडांपर्यंत पोचतं, जीव जाऊ शकतो. चकमकीचा रस्ता त्याहून जुना आहे आणि त्याला आम्ल लागतच नाही. कुणाला मराठीतून हे करून बघायचं असेल तर हाताशी काहीतरी असावं म्हणून तारीखवार लिहितेय.

६ जानेवारी २०२४

दगड गोळा केले. सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांत चकमकीच्या रांगा लांबूनही दिसतात, पण तिथे हातोडी लावायची नाही. भाग संरक्षित आहे आणि कडे सतत ढासळत असतात. किनाऱ्यावरचे गोटेही उचलत नाही. एक तर नियमात बसत नाही, आणि लाटांनी आपटून आपटून त्यांच्या आत बारीक तडे गेलेले असतात. त्या तड्यांतून प्रकाश विस्कटतो आणि काही दिसत नाही.

म्हणून डाउन्सवरच्या, म्हणजे इथल्या चॉकच्या टेकड्यांवरच्या, एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या नांगरलेल्या शेतातून पिशवीभर उचलले. हिवाळ्याचा पाऊस पडून गेला की माती धुऊन निघते आणि चकमकी वर येऊन बसतात. घेताना फुटलेल्या कडेवरून पारख करायची: काळा किंवा धुरकट तपकिरी, काचेसारखा, एकसंध असेल तर घ्यायचा. थंडीने तडकून खपल्या निघालेले, दुधाळ ठिपक्यांचे, आतपर्यंत पांढरे झालेले सोडून द्यायचे.

या दगडांना थर नाही, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. कड्यातल्या अमुक रांगेतली चकमक असती तर वय नेमकं सांगता आलं असतं. शेतातली चकमक मूळ जागेवरून हललेली असते. रचना पाहायला काही अडत नाही. पण लेबलवर ‘उत्तर क्रिटेशियस’ (चॉक साचला तो भूशास्त्रीय काळ) यापलीकडे काही लिहिणार नाही.

१३ जानेवारी

फोडण्याचा दिवस. गॉगल, जाड हातमोजे, एफएफपी३ मास्क (बारीक धूळ अडवणारा), आणि सगळं काम अंगणात, दगड ओला ठेवून. चकमक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. गुजरातेत खंबायतला अकीक घासणाऱ्या कारागिरांना जो सिलिकोसिस होतो तो याच प्रकारच्या धुळीने. एकदा फुप्फुसात गेलेली ही धूळ परत निघत नाही. म्हणून इथे हयगय नको.

हातोडीने दगड फुटतो, पण तुकडे जाड निघतात. कडेवर तिरका घाव घातला तर शिंपल्यासारखी गोलसर ढलपी सुटते, तिची एक बाजू पातळ आणि दुसरी बोटभर जाड. आपल्याला हवी नखाएवढी, सगळीकडे सारखी पातळ कपची. हातोडीने तशी एखादीच चुकून मिळते. अर्धा दिवस त्यात गेला.

मग बाथरूमच्या टाइल कुरतडायची पकड घेतली. मोठ्या ढलपीची पातळ कड पकडीत धरून हळूच दाबायची, की कटकट करत कपच्या सुटतात. पकडीभोवती ओलं फडकं धरलं तर त्या उडत नाहीत. इथून पुढे हातोडी फक्त पहिल्या फोडीपुरती.

१४ जानेवारी

जाडीचा प्रश्न. चाळीस पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली (नमुन्याकडच्या भिंगाखाली) काचेपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा असते. त्यात कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर ठेवायची पातळ काच, ०.१७ मिलिमीटर. कपची ०.३ मिलिमीटरपेक्षा जाड असली तर तिच्या खालच्या भागावर फोकस येण्याआधी ऑब्जेक्टिव्ह काचेला टेकतं. स्क्रू गेजने मोजून ०.२ ते ०.३ मधल्या तेवढ्या वेगळ्या केल्या. प्रत्येक कपची मोजायला वेळ जातो, म्हणून आधी एक सोपी चाळणी लावते: कपची ओली करून छापील कागदावर ठेवायची, अक्षरं स्वच्छ वाचता आली तर पुढे न्यायची, नाहीतर टाकून द्यायची. बहुतेक इथेच बाद होतात. वाईट वाटून घेऊ नये.

२० जानेवारी

कपची पाण्यात ठेवून पाहिली. काही दिसत नाही. फुटलेल्या पृष्ठावरच्या लाटा आणि ओरखडेच चमकतात, आतलं सगळं त्यामागे हरवतं. याचं कारण साधं आहे. चकमकीचा अपवर्तनांक १.५४ च्या आसपास, पाण्याचा १.३३. या फरकामुळे पृष्ठावरची प्रत्येक खरबरीत जागा प्रकाश उधळते.

टर्पेंटाइनने (१.४७) बराच फरक पडला. मग लवंगेचं तेल आणलं, त्याचा अपवर्तनांक १.५३. कपची त्यात बुडवली आणि तिच्या कडाच दिसेनाशा झाल्या. उरलं ते फक्त आत जे आहे ते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपची स्लाइडवरून घसरली की काय म्हणून बाजूला शोधत होते.

लवंगेच्या तेलाबद्दल दोन सूचना. प्लॅस्टिकची पेट्री डिश त्याने पांढरी पडून चिकट होते, काचेचीच भांडी वापरा. आणि ऑब्जेक्टिव्हला लागलं तर लगेच पुसा, भिंगं बसवलेला डिंक सैल होण्याचा धोका असतो. औषधाच्या दुकानात दाढदुखीसाठी दहा मिलीची बाटली मिळते. मला पाच पौंडांच्या आत मिळाली. घरभर वास मात्र राहतो.

२७ जानेवारी

शोध. दहा पटीच्या ऑब्जेक्टिव्हने कपची वरून खाली, मग बाजूला सरकून खालून वर, अशी नांगरल्यासारखी पाहायची. स्पंजांच्या सुया दिसतात, फोरॅमिनिफेरांच्या (कवचाच्या सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या) कप्प्यांच्या पुसट आकृत्या दिसतात, आणि बराच वेळ काहीच दिसत नाही. दगडादगडांत फार फरक आहे. एका दगडाच्या चार-पाच कपच्यांत काही नाही मिळालं तर तो दगड सोडावा. दुसऱ्यात एकाच कपचीत तीन-चार सिस्ट जवळजवळ मिळतात. एकाच दगडाशी हट्टाने झगडण्यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो.

ओळखायची खूण रंग. चकमक रंगहीन, सिस्ट फिकट पिवळी ते मधासारखी तपकिरी. गोल अंग, भोवती काटे, काट्यांसकट साधारण साठ-सत्तर मायक्रॉन. आणि चकमकीतली सिस्ट चपटी झालेली नसते, हे या मार्गाचं मोठं सुख. चॉकचा गाळ दाबला जाण्याआधीच सिलिकाने तिला वेढून धरलेलं असतं. फोकसचं चाक फिरवलं की काटे एकामागून एक उमलत जातात, मग अंग, मग पलीकडचे काटे.

आज मिळाल्या त्यांतल्या दोन हिस्ट्रिकोस्फेरिडियम या दुसऱ्या प्रजातीच्या होत्या. त्यांचे काटे पोकळ नळ्यांसारखे, टोकाशी कर्ण्यासारखे उघडे, आणि एकेका प्लेटच्या (जीवाच्या चिलखताच्या एकेका तुकड्याच्या) मध्यावर उभे. आपल्याला हवी ती ही नाही.

३ फेब्रुवारी

एक उमेदवार मिळाला. कपचीला सी-७ नाव दिलं. अंग लंबगोल, काटे सडपातळ, आणि टोकाशी प्रत्येक काटा तीन शाखांत फुटलेला. त्या शाखांची टोकं पुन्हा दुभंगलेली. आयपीसमधली मोजपट्टी आधी स्टेज मायक्रोमीटरवरून (नेमक्या मापाच्या रेघा कोरलेल्या स्लाइडवरून) लावून घेतली होती: चाळीस पटीला एक घर म्हणजे अडीच मायक्रॉन. अंग ४२ बाय ३६ मायक्रॉन, काटे ११ ते १४. माप देताना अंगाचं वेगळं आणि काट्यांचं वेगळंच द्यायचं; काट्यांसकट एकच आकडा दिला तर कुणाशी ताडून बघता येत नाही.

जुन्या नोंदी शोधणाऱ्यांसाठी नावांचा गुंता इथेच सोडवते, नाहीतर निम्मं वाङ्मय हाती लागणार नाही. १८३० च्या दशकात बर्लिनच्या ख्रिस्तियन गॉटफ्रीड एहरेनबर्ग यांनी चकमकीच्या अशाच कपच्यांत हे गोळे पाहिले आणि त्यांना झॅन्थिडियम म्हटलं. झॅन्थिडियम ही गोड्या पाण्यातल्या डेस्मिड (एकपेशीय हिरव्या) शेवाळांची प्रजाती (जीनस; तिच्यात अनेक जाती येतात). काटेरी रूप पाहून त्यांना ते तेच वाटलं. त्यांचं नाव झॅन्थिडियम रॅमोसम. मग इथलेच, ससेक्समधल्या लुईसचे डॉक्टर गिडिअन मॅन्टेल, ज्यांनी १८२५ मध्ये इग्वॅनोडॉनचं वर्णन केलं, त्यांनी १८५० मध्ये या काटेरी गोळ्यांसाठी स्पिनिफेराइट्स ही वेगळी प्रजाती काढली. ते नाव पुढे विस्मरणात गेलं. १९३० च्या दशकात ओटो वेट्झेल यांनी हिस्ट्रिकोस्फेरा हे नाव दिलं आणि तेच रुळलं. मॅन्टेल यांचं नाव आधीचं असल्यामुळे शेवटी तेच ग्राह्य धरलं गेलं. त्यामुळे १९७० च्या आधीचं काही वाचत असाल तर हिस्ट्रिकोस्फेरा रॅमोसा या नावाने शोधा. जीव तोच.

१० फेब्रुवारी

सी-७ वर अडले. स्पिनिफेराइट्स म्हणायचं तर काट्यांच्या पायथ्यांना जोडणाऱ्या उंचवट्याच्या रेषा दिसायला हव्यात. डायनोफ्लॅजेलेटचं बाहेरचं चिलखत प्लेटांचं असतं. सिस्ट त्या चिलखताच्या आत तयार होते आणि प्लेटांचे सांधे तिच्या अंगावर बारीक कडांच्या रूपाने उमटतात. चिलखत कुजून जातं, सिस्ट टिकते. याच घडणीची पण सांध्यांच्या कडा नसलेली दुसरी प्रजाती आहे, अकोमोस्फेरा. चॉकमध्ये अकोमोस्फेरा रॅम्युलिफेराही मिळते, आणि तिचे काटेही असेच तीन शाखांचे. म्हणजे सगळा निकाल त्या कडांवर.

आणि त्या दिसत नाहीत. काटे स्वच्छ, अंगाची कड स्वच्छ, मधला भाग गुळगुळीत पिवळा. वहीत ‘अकोमोस्फेरा?’ असं पेन्सिलीने लिहिलं, पण मन मानत नव्हतं. जे तेल चकमकीचे ओरखडे पुसून टाकतं त्याने या कडांवर परिणाम होत नाही, त्या चकमकीच्या आत आहेत. पण सिस्टच्या भिंतीचा आणि चकमकीचा अपवर्तनांक एकमेकांपासून फार लांब नाही. मायक्रॉनभर उंचीची कड सरळ खालून येणाऱ्या प्रकाशात दिसली नाही, याचा अर्थ ती नाही असा होत नाही.

ध्रुवक (प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत आणणारे फिल्टर) लावून पाहिले. चकमकीतले सूक्ष्म स्फटिकच रंगीबेरंगी चमकायला लागतात आणि सिस्ट त्यात बुडते. तो नाद सोडला.

१७ फेब्रुवारी

प्रकाशाचा तोडगा मिळाला, फुकटात. कंडेन्सरखाली फिल्टर ठेवायची जी खाच असते, तिच्यात काळ्या कार्डपेपरचा अर्धगोल कापून ठेवला. अर्धा प्रकाश अडतो, उरलेला तिरका येतो. कंडेन्सरची झडप पूर्ण उघडी ठेवायची, नाहीतर तिरकेपणा राहत नाही.

डाव्या बाजूने प्रकाश येत असताना सिस्टच्या अंगावर दोन उभ्या रेषा उठल्या, एका अंगाला सावली असलेल्या. कागद पाव वळसा फिरवला तर त्या मावळल्या आणि आडव्या दोन समांतर रेषा आल्या, मध्ये चार-पाच मायक्रॉनचं अंतर. तो सिंग्युलम, म्हणजे कंबरेभोवतीचा पट्टा, ज्यात जिवंतपणी आडवा कशाभ (पोहण्याचा चाबकासारखा धागा) फिरत असतो. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेली कड दिसत नाही, आडवी असलेली उठून दिसते. म्हणजे एकाच दिशेच्या प्रकाशात पाहून ‘कडा नाहीत’ असं म्हणताच येत नाही. कागद पूर्ण फिरवून, दर वेळी थांबून, काय दिसलं ते काढून घ्यावं लागतं.

कडा आहेत. काट्याच्या पायथ्यापासून निघून पुढच्या काट्याच्या पायथ्याला मिळतात. अकोमोस्फेरा खोडलं.

कुणी अशा नमुन्यांना अकोमोस्फेरा म्हणून फोटो टाकले असतील तर माझी विनंती आहे, तिरका प्रकाश लावून एकदा पुन्हा बघा.

२४ फेब्रुवारी

आता प्लेटांचा नकाशा. इथे सर्वांत मोठी अडचण आली आणि ती सावकाश सांगायला हवी.

सिस्ट चकमकीत घट्ट बसलेली असते, ग्लिसरीनमध्ये सुटी असल्यासारखी वळवता येत नाही. वरची बाजू फोकसमध्ये घेतली की ती बाहेरून दिसते, बरोबर. मग फोकस खाली नेऊन तिच्या आरपार खालची बाजू पाहिली, तर ती आतून दिसते, म्हणजे डावं-उजवं उलटं. कशिदा कापडाच्या उलट्या बाजूने पाहावा तसं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून प्लेटांना क्रमांक द्यायला लागलो की एका बाजूचे सगळे क्रमांक चुकतात, आणि ते चुकलेत हे चित्राकडे पाहून कळत नाही.

उपाय असा केला. कपची स्लाइडवर न ठेवता दोन कव्हरस्लिपांच्या मध्ये ठेवली. स्लाइडच्या आकाराचा जाड पुठ्ठा कापून त्याला मध्ये भोक पाडलं आणि ही जोडी त्या भोकावर टेपने बसवली. आता पुठ्ठा पालथा केला की दुसरी बाजूही चाळीस पटीला वरून बघता येते. कपची आधीच पातळ निवडली होती त्याचा इथे फायदा झाला.

चित्रं ट्रेसिंग पेपरवर काढली. वरचा फोकस, मधला, खालचा, तिन्ही वेगळ्या कागदांवर. मग पालथं करून पुन्हा तसंच. आता पहिल्या खेपेचं ‘खालचं’ चित्र ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसऱ्या खेपेच्या ‘वरच्या’ चित्रावर ठेवायचं. काट्यावर काटा बसला पाहिजे. बसला नाही तर कुठेतरी एक काटा सुटलाय किंवा दोनदा धरलाय. माझ्याकडे एका ठिकाणी दोन काटे एकमेकांमागे लपून एकच दिसत होते. ते असे कागदावर ठेवल्यावरच सुटले.

उलटसुलट तपासायची आणखी एक पक्की खूण सिस्टनेच दिली आहे. सिंग्युलम पूर्ण वळसा घालून पोटाकडच्या बाजूला परत येतो तेव्हा त्याची दोन टोकं एका उंचीवर मिळत नाहीत. पेशीच्या डाव्या अंगाचं टोक वर असतं, उजव्या अंगाचं खाली. पोटाकडून समोर पाहताना तिची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, हे लक्षात ठेवायचं. तुमच्या चित्रात आपल्या उजव्या हाताचं टोक खाली आलं असेल तर चित्र आरशातलं आहे.

२ मार्च

आज नकाशा पुरा झाला. माथ्याकडे चार लहान प्लेट, त्यांच्याखाली सिंग्युलमच्या वर सहा, सिंग्युलमच्या पट्ट्यात सहा, पट्ट्याखाली सहा, मागच्या अंगाला एक आणि तळाला एक. पोटाकडून सल्कसची उभी खाच. गॉन्यौलॅक्स या डायनोफ्लॅजेलेटांच्या घराण्याचा हाच ठरलेला आराखडा. सगळ्या प्लेट मला सारख्या स्पष्ट दिसल्या असं नाही. माथ्याकडच्या चारांतल्या दोघींमधला सांधा आणि सल्कसमधले लहान तुकडे दिसले नाहीत. ते चित्रात तुटक रेषेने दाखवलेत. तुटक रेषा म्हणजे अंदाज, सलग रेषा म्हणजे पाहिलेलं, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मोडू नका.

काट्यांची जागा हे या जातीचं मुख्य लक्षण. रॅमोससचे काटे प्लेटांच्या कोपऱ्यांवर असतात, जिथे तीन प्लेटांचे सांधे एकत्र येतात. आणि कोपऱ्यावरचा काटा तीन शाखांचा. या प्रजातीतल्या इतर काही जातींत दोन कोपऱ्यांच्या मध्ये, सांध्याच्या रेषेवरही काटे असतात. तिथे दोनच प्लेट भेटतात, आणि तो काटा दोनच शाखांचा असतो. स्पिनिफेराइट्स हायपरॅकॅन्थस तशी. म्हणजे नमुना नीट बसलेला नसला, सांधे पुसट असले, तरी काट्यांची टोकं मोजून बरंच कळतं. सी-७ चे जेवढे काटे टोकापर्यंत पाहता आले ते सगळे तीन शाखांचे. एका काट्याला दोनच शाखा दिसत होत्या. फोकस बारीक खाली नेला तर तिसरी सरळ प्रेक्षकापासून दूर गेलेली निघाली. शंभर पटीच्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हने हे सहज झालं असतं, पण त्याला एवढी जाड कपची चालत नाही.

आणि दार. पाठीच्या बाजूला, सिंग्युलमच्या लगेच वर, एक प्लेट नाही. पाच बाजूंचं भोक, कडा सरळ आणि सांध्यांवरून गेलेल्या, कोपऱ्यांवर काटे शाबूत. फाटलेलं असतं तर कडा वेड्यावाकड्या असत्या. सिंग्युलमच्या वरच्या सहांपैकी ही तिसरी. आतला जीव याच वाटेने बाहेर पडला. याला आर्किओपाइल म्हणतात. दाराचं झाकण आसपास कुठे नाही, ते गळून गेलं.

या एका भोकावर विषयाचं सगळं वळण फिरलं आहे. शंभरावर वर्षं हे काटेरी गोळे नक्की कशाचे ते कुणाला पक्कं सांगता येत नव्हतं. १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम एव्हिट यांनी दाखवून दिलं की हे भोक म्हणजे नेमकी एक प्लेट, आणि काटे नेमके प्लेटांच्या मांडणीवर; म्हणजे या डायनोफ्लॅजेलेटांच्या सिस्ट. त्याच दशकात अमेरिकेतल्या वुड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेत डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी आजच्या समुद्रातल्या जिवंत सिस्ट उबवून दाखवल्या: स्पिनिफेराइट्ससारख्या सिस्टमधून गॉन्यौलॅक्स स्पिनिफेराच्या गटातल्या पेशी पोहत बाहेर आल्या. आपल्या अरबी समुद्राच्या गाळातही या घराण्याच्या सिस्ट सापडतात. मी तेच दार कोट्यवधी वर्षं उघडं राहिलेलं बघत होते. त्या दिवशी कितीतरी वेळ पुढचं काम सुचलं नाही.

१६ मार्च

नावाचा शेवटचा टप्पा: उपजाती. १९६६ मध्ये डेव्ही आणि विल्यम्स यांनी रॅमोससचे बरेच प्रकार पाडले: काटे बारीक आणि लांब असतील तर एक, आखूड असतील तर एक, अंग दाणेदार असेल तर वेगळा, काट्यांमध्ये पडदे असतील तर वेगळा. सी-७ मध्ये कडा बुटक्या आहेत, तळाशी पडदा नाही. अंग गुळगुळीत की दाणेदार? इथे मी थांबते. चकमकीच्या आत, चाळीस पटीला, अर्ध्या मायक्रॉनचे दाणे आहेत की नाहीत हे सांगता येत नाही. चकमकीतले स्वतःचे दाणेही त्याच मापाचे.

म्हणून लेबलवर ‘स्पिनिफेराइट्स रॅमोसस, व्यापक अर्थाने’ एवढंच. ही जात क्रिटेशियसच्या सुरुवातीच्या काळापासून आजपर्यंत चालत आली असं मानतात, तेव्हा या एका नावाखाली बरंच काही गोळा झालेलं असणार, हे माझं मत. पण ते सोडवण्याचं काम चकमकीच्या एका कपचीचं नाही. जेवढं दिसतं तेवढ्याने जिथपर्यंत जाता येतं, तिथे नाव थांबवावं. उपजातीचं नाव लावलेलं लेबल दिसायला भारदस्त दिसतं, पण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवून काहीतरी बांधतो.

२३ मार्च

कायमची स्लाइड. लवंगेचं तेल कॅनडा बाल्समशी (नमुना कायमचा बसवायच्या, झाडाच्या पारदर्शक राळेशी) एकजीव होतं, त्यामुळे कपची धुवावी लागत नाही. जादा तेल टिपकागदाने शोषून थेट बाल्सममध्ये. खालची कव्हरस्लिप, थेंब, कपची, थेंब, वरची कव्हरस्लिप. पहिल्यांदा दुसऱ्या एका कपचीवर करून बघितलं तर बुडबुडे राहिले, कारण कपचीच्या खालच्या खोलगट बाजूत हवा अडकते. कपची तिरकी धरून एका कडेने बाल्सममध्ये उतरवली की हवा पुढे सरकत निघून जाते. सी-७ ला बुडबुडा नाही. वाळायला आठवडे लागतात, घाई करून तापवू नये. पुठ्ठ्याच्या चौकटीऐवजी पातळ ॲल्युमिनिअमची चौकट करणार होते, पण पुठ्ठाच ठेवलाय. बाल्सम त्याला लागू दिला नाही तर तो टिकतो.

जागा सापडावी म्हणून वरच्या कव्हरस्लिपवर सिस्टभोवती शाईचं वर्तुळ केलं, आणि पुठ्ठ्यावर ‘वर’ आणि ‘खाली’ लिहिलं. कोणती बाजू पोटाकडची हे लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी आरशाचा घोळ पुन्हा पहिल्यापासून.

खर्च: जुना मायक्रोस्कोप १८० पौंड, स्टेज मायक्रोमीटर १५, टाइलची पकड १२, बाल्सम १४, कव्हरस्लिपा आणि मास्क मिळून साधारण २०, तेल. सुरुवातीला घेतलेला रंगीत फिल्टरांचा संच कामी आला नाही, तो घेऊ नका. फोटोसाठी आयपीसवर फोन धरायचा पट्टा घेतला आहे, पण फोटो हा ट्रेसिंग पेपरच्या जागी नाही. फोटोत एकच फोकस येतो.

पुढचं काम ठरलेलं आहे. त्याच दगडाच्या सी-११ मध्ये एक सिस्ट आहे, कडा दिसत नाहीत. काळा कागद फिरवत चारही दिशांनी पाहिली, तरी दिसल्या नाहीत. ही बहुधा खरी अकोमोस्फेरा. दार कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही, तेव्हा तिला पालथं करण्यासाठी पुठ्ठा कापून ठेवला आहे.